गवतातले औषध

दिवाळीची सुरुवात आपल्याकडे गोठ्यापासून होते. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा झाली, तिच्या कपाळी कुंकू लागले, की मगच घरातल्या अभ्यंगाला, फराळाला आणि दिवाळी अंकांना वाट मोकळी होते. गाय आपल्या ओव्यांत आहे, अभंगांत आहे, पाळण्यांत आहे. तिच्या कानात दडून बसलेली गोचीड मात्र आपल्या वाङ्मयात क्वचितच भेटते, आणि भेटते ती दृष्टान्तापुरती. सडाशी बसूनही दूध सोडून रक्त पिणारी म्हणून संतांनी तिला दुर्जनांच्या पंक्तीला बसवले आणि तिथे ती बसली ती कायमचीच. गाय पूजणाराला गाय दिसते. गाय राखणाराला गाय आणि गोचीड दोन्ही दिसतात.

गुराख्यांविषयी लिहिलेले एखादे पुस्तक हाती आले, की मी त्याला ही एक साधी कसोटी लावून पाहतो. यात गोचीड आहे काय? प्रश्न थट्टेचा वाटेल. पण ज्याच्या संसाराचे बरेवाईट गुरांवर ठरते, त्या माणसाच्या मनात दिवसभर काय चालले असते, हे ग्रंथकाराला कळले आहे की नाही याचा उलगडा या प्रश्नाने लवकर होतो. पूर्व आफ्रिकेतल्या मसाई लोकांविषयीची काही पुस्तके या कसोटीवर घासून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. दक्षिण केनिया आणि उत्तर टांझानिया यांच्या पठारांवर गुरे राखणारे, मा नावाची भाषा बोलणारे हे लोक. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तांबडे वस्त्र, लांब भाला आणि उंच उंच उड्यांचा नाच एवढे साहित्य घेतले, की कोणालाही मसाईचे चित्र काढता येते. अडचण अशी की चित्रातल्या गाईला गोचीड लागत नाही.

प्रथम या गोचिडीची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. तिचा रंग तपकिरी, आणि बसायची आवडती जागा गुराचा कान. ती नुसते रक्त पिऊन थांबत नाही. थायलेरिया पार्वा नावाचा एक सूक्ष्म जीव ती आपल्या लाळेबरोबर गुराच्या अंगात सोडते, आणि त्यातून ‘ईस्ट कोस्ट फीव्हर’ म्हणजे पूर्व किनाऱ्याचा ताप उद्भवतो. मसाई या रोगाला ओल्तिकाना म्हणतात; माणसाच्या हिवतापालाही त्यांच्याकडे हाच शब्द चालतो. गोचीड कानात बसलेली असल्यामुळे पुष्कळदा कानाखालची गाठ आधी सुजते. मग ताप चढतो, पुढे छातीत पाणी होते, श्वास लागतो, आणि तीन-चार आठवड्यांत जनावर जाते. वासरांचा बळी अधिक. १९०४ च्या सुमारास चार्ल्स लाउन्सबरी यांनी दक्षिण आफ्रिकेत या रोगातला तपकिरी गोचिडीचा हात दाखवून दिला, आणि आर्नोल्ड थायलर यांनी त्या सूक्ष्म जीवाचे वर्णन केले. त्यांचेच नाव त्याला चिकटले. आपल्याकडे संकरित गाई पाळणाऱ्यांना ‘थायलेरिया’ हा शब्द नवा नाही. आपला रोग या आफ्रिकी रोगाचा चुलतभाऊ. त्याचा जीव वेगळ्या जातीचा आणि गोचीडही वेगळी.

या गोचिडीच्या चरित्रातली एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सगळे विवेचन तिच्यावर उभे आहे. अंड्यातून बाहेर पडल्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत ती तीन वेळा तीन निरनिराळ्या जनावरांच्या अंगावर चढते. दर वेळी काही दिवस रक्त पिते, जमिनीवर गळून पडते, कात टाकते, आणि पुन्हा गवताच्या शेंड्यावर चढून पुढच्या जनावराची वाट पाहत बसते. म्हणजे गाईच्या अंगावर ती चार दिवसांची पाहुणी. तिचे खरे घर गवतात.

आता पुस्तकांकडे वळू. १९०५ साली ऑक्सफर्डहून ए. सी. हॉलिस या ब्रिटिश अधिकाऱ्याचा मसाई भाषा आणि लोककथा यांवरचा ग्रंथ निघाला. त्याचा मोठा गुण असा, की कथा, म्हणी, कोडी आणि चालीरीतींची माहिती त्याने मसाईंच्या भाषेत, त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतली आणि शेजारी भाषांतर दिले. त्याच काळातला जर्मन अधिकारी मेर्कर मसाईंचे मूळ सेमिटिक वंशात शोधण्याच्या नादी लागला, आणि १९०४ सालच्या त्याच्या ग्रंथाच्या नावावरच त्या कल्पनेचे ओझे पडले. हॉलिसने तसले ओझे घेतले नाही. तो ऐकत बसला. म्हणून शंभरावर वर्षे लोटली तरी त्याचे पुस्तक शिळे झालेले नाही.

तरी पण ऐकण्यालाही एक मर्यादा असते. गोष्ट सांग म्हटले की माणूस गोष्ट सांगतो, कोडे घाल म्हटले की कोडे घालतो. सकाळी वासरू सोडण्यापूर्वी त्याच्या कानामागे बोट का फिरवतोस, असे कोणी विचारीत नाही. आणि विचारल्यावाचून तो सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती सांगण्याजोगी गोष्टच नव्हे. जे ज्ञान हातात असते ते तोंडात सहसा येत नाही. लोकसाहित्याच्या संग्राहकांची झोळी मोठी असते, पण हातातले ज्ञान तिच्यात पडत नाही. नाओमी किपुरी या विदुषीने १९८३ साली नैरोबीहून मसाईंच्या मौखिक वाङ्मयाचा संग्रह प्रसिद्ध केला. तो अधिक आतून, अधिक जाणतेपणाने झालेला आहे. परंतु वाङ्मय गोळा करणे हेच त्याचेही काम. गोठ्यातले शहाणपण त्याच्या कक्षेत फारसे यायचे नाही.

कारेन ब्लिक्सेन यांचे १९३७ सालचे ‘आउट ऑफ आफ्रिका’ हे पुस्तक गद्यलेखनाचा एक सुंदर नमुना आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. एन्गाँग टेकड्यांच्या पायथ्याशी त्यांचा कॉफीचा मळा होता आणि नदीपलीकडे मसाईंचा राखीव मुलूख. तरुण मसाई योद्ध्याचा ताठपणा, त्याची बेदरकार ऐट त्यांनी अशी टिपली आहे की वाचणाराने क्षणभर थांबावे. पण पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात जो मसाई उरतो तो नदीपलीकडूनच पाहिलेला. तो कसा उभा राहतो ते मला कळले. तो गाईच्या कानात काय शोधतो ते कळले नाही. सौंदर्यदृष्टी ही लेखकाची मोठी देणगी खरी; परंतु ज्या माणसाकडे आपण केवळ सुंदर म्हणून पाहतो, त्याला काही ठाऊक असेल ही शक्यता आपल्या मनात सहसा येत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला एक पुस्तक आहे, आणि त्याला साहित्य म्हणायला कोणी धजणार नाही. १९९६ साली नैरोबीत दोन विकाससंस्थांनी मिळून केनियातल्या पारंपरिक पशुवैद्यकाची एक कार्यपुस्तिका प्रसिद्ध केली. जाणते पशुपालक, पशुवैद्य आणि चित्रकार यांनी एकत्र बसून ती घडवली. हा रोग, ही वनस्पती, अशी तयारी, एवढी मात्रा, असा तिचा घाट. इथे गुराखी प्रथमच जाणता म्हणून पानावर येतो, आणि ही गोष्ट लहान नव्हे. मसाईंचा हा औषधांचा बटवा खरोखरच समृद्ध आहे. ओल्मुकुतान नावाच्या झाडाची साल जंतांवर देतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या झाडाच्या लॅटिन नावातच ‘जंतनाशक’ असे विशेषण घातले आहे. ओल्किलोरिती या काटेरी झाडाची साल मांसाच्या रश्शात उकळून योद्धे पितात. हे ओल्किलोरिती म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली बाभूळ आहे. ज्या झाडाच्या काडीने आपल्या आजोबांनी दात घासले, त्याच झाडाची साल तिकडे रश्शात शिजते, हे वाचून आपल्याकडच्या वाचकाला ती पठारे क्षणात जवळची वाटू लागतात.

मात्र या घाटालाही एक खोट आहे, आणि ती भाषेतली आहे. ‘अमुक झाडाची साल अमुक रोगावर’ हे वाक्य छापायला सोपे, पण गुराख्याच्या मनातले वाक्य असे नसते. त्याचे वाक्य जर-तरचे असते. पाऊस लांबला असेल तर, वासरू अजून अंगावर पीत असेल तर, सूज एकाच कानाखाली असेल तर, त्या ओढ्याकाठचे गवत गुडघ्याच्या वर गेले असेल तर. यादी करणारा सगळे जर-तर गाळून टाकतो आणि झाडाचे नाव तेवढे ठेवतो. पुरणपोळीच्या कृतीतून आच, वेळ आणि हात काढून घेऊन नुसते डाळ-गूळ-कणीक असे लिहावे, त्यातलाच हा प्रकार. घरातल्या गृहिणींना हे मी सांगायला नकोच.

मग होते काय? शास्त्रज्ञ त्या यादीतले एक नाव उचलतो आणि प्रयोगशाळेत नेतो. ओल्मुकुतानचेच पाहा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मेंढ्यांच्या एका घातक जंतावर या सालीचा गुण आला नाही. २००४ साली दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. तो मसाईंचेच भाषाबंधू असलेल्या सांबुरू लोकांच्या जिल्ह्यातला, नैसर्गिकरीत्या जंत झालेल्या मेंढ्यांवरचा. त्यात गुण दिसून आला. उतावळा भक्त दुसरा प्रयोग हाती धरून नाचेल, उतावळा निंदक पहिला. मला या दोन्ही प्रयोगांत गाळलेल्या जर-तरांची आठवण येते. कोणता जंत, कोणते मेंढरू, साल कशी काढली, कितीदा पाजली, हे प्रश्न सुटल्यावाचून खरे-खोटे कसे करणार? पण प्रयोग झाले, ही गोष्ट मला मोलाची वाटते. एखाद्याच्या ज्ञानाचा खरा आदर करायचा तर ते तपासून पाहिले पाहिजे. ज्याचे म्हणणे चूक ठरूच शकत नाही अशी आपण आधीच समजूत करून घेतो, त्याला आपण शहाणा मानलेले नसते. त्याला आपण देव्हाऱ्यात बसवून गप्प केलेले असते.

तपासाने काय हाती येते याचे एक उदाहरण देतो. ते गोचिडीचे नाही, पण त्याच कुरणातले आहे. न्यू नावाचे रानटी जनावर, इंग्रजीत ज्याला वाइल्डबीस्ट म्हणतात, ते ज्या काळात आणि ज्या मैदानात विते तिथे मसाई आपली गुरे नेत नाहीत. नेली तर एका भयंकर तापाने गुरे मरतात, असे ते पिढ्यानपिढ्या सांगत आले. पशुवैद्य वॉल्टर प्लोराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली केनियातल्या न्यूपासून त्या रोगाचा विषाणू वेगळा काढला, आणि गुराख्यांचे म्हणणे खरे ठरले. त्यात एक बारकावा आहे. मसाई न्यूच्या वारेला दोष देत. पुढच्या संशोधनात विषाणू सापडला तो मुख्यतः न्यूच्या लहान पिलांच्या नाकाडोळ्यांतल्या स्रावात. आचार बरोबर, कारण थोडे सरकलेले. हा बारकावा सांगितल्याने मसाईंचे काय उणे झाले? उलट, भाला आणि नाच यांच्या वर्णनाने जे साधले नाही ते या एका दुरुस्तीने साधते: चुकतमाकत, पाहत-पारखत विचार करणारा माणूस आपल्यापुढे उभा राहतो.

आता गोचिडीच्या घराकडे, म्हणजे गवताकडे येतो. तिचे आयुष्य गवतात जात असेल तर तिच्यावरचा मोठा उपाय गाईच्या अंगावर असणार नाही, हे उघड आहे. मसाई हाताने गोचिडी वेचतात, सुजलेल्या गाठीला तापल्या लोखंडाचा डाग देतात. डाग देणे आपल्या खेड्यांनाही ठाऊक आहे. पण त्यांचे खरे औषध दुसरेच. उन्हाळा सरत आला की जून गवत पेटवून द्यायचे. गोचिडी जळतात आणि पाठोपाठ कोवळे गवत येते. खराब कुरण सोडून कळप दुसरीकडे न्यायचा. म्हणजे या वैद्यकातले अर्धेअधिक औषध चालण्यात आहे. ते कोणत्याही बटव्यात मावत नाही, कोणत्याही यादीत बसत नाही. आणि ज्याच्याकडून जमीन काढून घेतली त्याच्याकडून ते औषधही आपोआप काढून घेतले जाते.

म्हणूनच लोटे ह्यूज यांचे ‘मूव्हिंग द मसाई’ हे २००६ सालचे पुस्तक मला या विषयावरचे फार महत्त्वाचे पुस्तक वाटते, जरी ते वैद्यकाचे नसून इतिहासाचे आहे. १९०४ च्या कराराने ब्रिटिशांनी मसाईंना दोन राखीव मुलखांत घातले, आणि मसाई जमात आहे तोवर हा करार राहील असा शब्द दिला. सात वर्षांत, १९११ साली, दुसरा करार पुढे आला आणि उत्तरेकडचा लैकिपियाचा मुलूख सोडून दक्षिणेला जाण्याचा हुकूम झाला. हजारो माणसे आणि लाखाहून अधिक गुरे चालू लागली. १९१३ साली मसाईंनी न्यायालयात दाद मागितली. करार दोन सत्तांमधला आहे, त्याचा निवाडा आमच्याकडे होऊ शकत नाही, असे सांगून न्यायालयाने दावा काढून टाकला. हा राजकीय इतिहास इतरांनीही लिहिला आहे. ह्यूज यांनी जुन्या दप्तरांबरोबर म्हाताऱ्या मसाईंच्या आठवणी ऐकल्या, आणि त्या आठवणींतल्या एका तक्रारीवर बोट ठेवले. वृद्ध सांगतात की उत्तरेचे गवत गुरांना मानवणारे होते. नव्या मुलखात ओल्तिकाना होता. सरकारी कागदांत ही निव्वळ कुरकुर ठरली असती. ह्यूज ती रोगाच्या इतिहासाशी ताडून पाहतात आणि तिच्यात तथ्य दाखवतात: ज्या कळपांचा या तापाशी फारसा संबंध आला नव्हता ते कळप तापाच्या मुलखात नेले गेले. इथे गोचीड एकदम इतिहासाची साक्षीदार होते. माझ्या कसोटीला हे पुस्तक पूर्ण उतरते, आणि तेही झाडपाल्याचा गजर न करता.

गवतातले औषध काढून घेतल्यावर पुढे काय होते हेही दिसून आले आहे. टांझानियातल्या एन्गोरोंगोरो येथील विशाल ज्वालामुखीच्या कुंडातून १९७४ साली मसाईंची वस्ती उठवण्यात आली. त्यांच्याबरोबर त्यांचे गवत पेटवणेही गेले. २००० आणि २००१ या वर्षांत त्या कुंडात रानरेडे मोठ्या संख्येने मेले, गेंडेही दगावले. तपासणाऱ्यांना गवतात गोचिडींचा सुळसुळाट आढळला. मग व्यवस्थापनाने स्वतःच ठरवून, आखून गवत जाळायला सुरुवात केली आणि गोचिडी कमी झाल्या. त्या मरतुकीला दुष्काळासारखी इतर कारणेही होती, सगळा दोष आग विझवण्यावर टाकता येणार नाही. परंतु गुराखी गवत जाळतो तो अडाणीपणा आणि साहेब जाळतो ती योजना, हा न्याय मात्र विचार करायला लावणारा आहे.

मग आतल्या माणसाने लिहिले तर प्रश्न सुटतो काय? तेपिलित ओले साइतोती या मसाई लेखकाचे आत्मचरित्र १९८६ साली आले. वासरे राखणारा मुलगा शाळेत जातो, समुद्रापलीकडे शिकायला जातो, आणि दोन जगांमध्ये ताणला जातो, अशी ती कथा. त्यात गुरे वर्णनासाठी आलेली नाहीत. ती कामासाठी आलेली आहेत, आणि हा फरक मला पानापानांवर जाणवला. पण आतला आहे म्हणून प्रत्येक लेखक आपोआप थोर ठरत नाही. परदेशी वाचकाची नजर त्यालाही मोह घालते. आतला असो वा बाहेरचा, गुराख्याच्या जर-तरांसकट लिहिणारा तो खरा लेखक, एवढेच मी म्हणेन.

‘प्राचीन ज्ञान विरुद्ध आधुनिक विज्ञान’ असा सामना लावण्याची आज मोठी हौस आहे. त्यांच्या पुढे एक वस्तुस्थिती ठेवतो. १९७० नंतरच्या दशकात केनियात मुगुगा येथे ओल्तिकानावर एक लस सिद्ध झाली. ती रोगी गोचिडी वाटूनच तयार करतात. वासराला जिवंत रोगबीज टोचायचे आणि त्याच वेळी दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक द्यायचे. उत्तर टांझानियातल्या मसाईंनी ही लस पदरचे पैसे मोडून आपल्या वासरांना टोचून घेतली, आणि टोचल्याची खूण कानात असलेल्या वासराला बाजारात अधिक भाव मिळू लागला. रोगातून वाचलेले वासरू पुढे टिकते, हा त्यांचा अनुभव होताच. लस त्या अनुभवाच्या वाटेनेच आली. तिचे स्वागत करताना त्यांना आपल्या परंपरेचा त्याग केल्यासारखे वाटण्याचे काही कारण नव्हते. परंपरा म्हणजे वासरू जगवणे. साल, आग, चालणे आणि सुई ही सगळी त्याची साधने.

आपल्याकडेही धनगरांवर, गवळ्यांवर, गुराख्यांवर लिहिण्याची हौस वाढते आहे, आणि त्याचा मला आनंद आहे. काठी, घोंगडे आणि ढोल एवढ्यावर भागवू नये, इतकीच अशा लेखकांना विनंती. मेंढरे अमुक माळ सोडून तमुक माळाला का वळली, पावसाआधी की पावसानंतर, आणि त्या दिवशी लहान कोकरू कोणाच्या खांद्यावर होते, हे विचारून घ्यावे. उत्तर देणारा आधी हसेल, मग सांगू लागेल. तो सांगू लागला म्हणजे लेखकाने लेखणी जपून चालवावी आणि त्याचा एकही ‘तर’ गाळू नये.